चापावरचं कुंकू

निवडणूक लागली, म्हणून द्वारकाबाई सुनेला घेऊन पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायला आल्या. नवऱ्यामागे परवाना त्यांच्याच नावावर झाला होता आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

"घरी कुलपात ठेवता ना, आजी?" हवालदाराने विचारलं.

"ही पण तेच म्हणून रोज माझं डोकं खाते," त्यांनी सुनेकडे हनुवटी उडवली. "चाळीस वर्षं खुंटीला आहे. कुणाला चावली का?"

हवालदाराने हसत बंदूक उघडली. नळीत काडतूस होतं. त्याचं हसू मावळलं.

भाद्रपदात भातात रानडुकरं शिरली, तेव्हा ते द्वारकाबाईंनीच भरलं होतं आणि मग साफ विसरल्या होत्या. खंडेनवमीला हीच बंदूक पाटावर मांडून त्यांनी पाच वर्षांच्या नातीकडून पूजा करवली होती. पोरीने कुंकवाचं बोट चापाला टेकवलं, तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, "अगं, नीट दाबून लाव!"

कुंकू अजून तिथेच होतं. सुनेने ते पाहिलं.

बाहेर आल्यावर द्वारकाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "बाजारातून जाऊ. लोखंडी कपाट घेऊ. किल्ली तुझ्याकडे ठेव."