शिशाचा गोळा

"मॅडम, गुरुत्वाकर्षणाचा नियम इथे चुकतोय. उद्या विज्ञान परिषदेत सांगू?" काचेच्या पेटीला डोळा लावून बसलेल्या ऋजुताने विचारलं. तारेला टांगलेल्या दांडीच्या टोकाचा शिशाचा गोळा विनाकारण तिच्या बाजूला केसभर सरकला होता.

नेरूरकर मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या. एवढा जुना नियम एका पोरीच्या पेटीत मोडेल? त्यांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तारही बदलली. गोळा सरकायचा तो सरकलाच.

"तू बाहेर थांब, मी बघते." त्या पेटीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

ऋजुता गेली, तसा गोळा मागे फिरून हळूहळू मॅडमकडे सरकला.

प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते, हे त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्या वस्तूंत स्वतःला मात्र कधी धरलंच नव्हतं.