हिरवी खिडकी

इमारतीवर वीज पडली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं ऑक्सिजनचं मशीन जळालं. वायरमनने मीटररूममधल्या सर्ज अरेस्टरवर बोट ठेवलं. “विजेचा दणका हाच झेलतो. मेला, की याची हिरवी खिडकी लाल होते.” खिडकी हिरवीच होती. त्याने नखाने खरवडली, तसा नेलपॉलिशचा पापुद्रा निघाला आणि खाली लाल दिसलं. “तपासणीला लाल बरं दिसेना, म्हणून गेल्या वर्षी मीच रंगवली,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. आजींची सून भाड्याचं मशीन घेऊन दारात उभी होती. बाहेर पुन्हा गडगडत होतं. “दादा, आता हे लावू कुठे?” वायरमन सेक्रेटरींकडे वळला. “तुमच्याकडे काय जळालं?” “काही नाही. मी तेव्हाच घरापुरता नवा अरेस्टर बसवून घेतला.” “मग आजींना तुमच्याकडेच आणू.” सेक्रेटरींनी नाक मुरडलं. “अहो, सोफा नवाकोरा आहे. आजारी माणसाचा वास जात नाही.”