टाचणी

बनुबाई लंगडू लागली, तसा तिच्या पावलावरचा पांढरा चट्टा सासूच्या डोळ्यांत सलू लागला. “महारोग निघाला तर हितनंच म्हायेराला जायाचं,” असं बजावून ती सांगलीच्या दवाखान्यात दाराबाहेर बसली. आत हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बनुबाईच्या डोळ्यांवर तिचाच पदर ओढला. “चट्ट्यावर कापूस टेकवते. लागला की सांगा.” बनुबाई लगेच ओरडली. “लागला! लागला बगा!” “अहो, कापूस अजून माझ्या हातातच आहे.”  बनुबाईला पाय आपला की परका, तेच कळेना. मग बाईंनी चट्ट्यात टाचणी टोचली. “आई गं!” बाई हसल्या. “महारोग नाही. बधिर कातडी किंचाळत नाही. टाचेची शीर आखडलीय.” त्यांनी अंगठ्यानं टाच रगडली, तशी कळ हळूहळू सैलावली. बनुबाईनं पाय पुन्हा पुढं केला. “आनखी येकदा टोचा की. दार उघडून.”