सव्वीस डिग्री

"अजून किती?" कय्युमनं हौदातून विचारलं.

"एकवीस मिनिटं." जमिलानं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माशांच्या टाकीतला थर्मामीटर पाण्यात बुडवला. पंचवीस. गिझरच्या पाण्याची बादली तिनं हौदात ओतली. सव्वीस झालं. जानेवारीत अंदमानचा समुद्र एवढाच असतो, असं तोच म्हणाला होता. पोहता न येणाऱ्या पाव्हण्यांना हाताला धरून समुद्राखाली न्यायचं, हे त्याचं काम. परवा कामावर परतायची गाडी होती. समुद्राखाली एका खेपेला लागतात तेवढी पन्नास मिनिटं हौदात नीट बसून दाखवा, मग खुशाल जा, असं जमिलानंच बजावलं होतं.

सासरे गयासमियाँ काठावर बसले होते. गुलमंडीत चाळीस वर्षं शेरवान्या शिवलेला माणूस. काविळीनं पोरगा वाळला, अंगावरचा रबरी सूट ढिला पडला, तेव्हा त्यांनीच तो बगलेपासून कमरेपर्यंत आत घेतला होता. शेरवानीसारखाच, आरपार टाके घालून. आता टाक्याटाक्यातून पाणी आत शिरत होतं.

त्यांनी पाण्यात हात घातला. "कोमट तो है. कोमट पाण्यात कुणाला थंडी वाजती का, बहू?"

"वाजते, अब्बा. हळूहळू वाजते. सकाळपासून ही तिसरी खेप आहे. तिथं दिवसाला चार."

"मग मालकाकडं जाड सूट मागावा की."

"जाड सूट पाव्हण्यांना," कय्युम हसला. "आपण देवगावच्या विहिरीत पवायला शिकलेली माणसं. आपल्याला काय होतंय?" हसता हसता दात वाजले. त्यानं तोंड मिटलं.

चाळिसाव्या मिनिटाला गयासमियाँ उठले. "बस झालं. निघ बाहेर, बेटा."

"खाली असं कुणी म्हणत नाय, अब्बा."

पन्नास झाली. जमिला वाकली. "इशारा करा."

अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा; म्हणजे सगळं ठीक. तिला तो त्यानंच शिकवला होता. कय्युमनं हात वर काढला. बोटं जुळेनात. मधली फट नुसती थरथरत राहिली. त्यानं हात पाण्याखाली नेला, दुसऱ्या हातानं दोन्ही बोटं दाबून धरली आणि गोल वर काढून दाखवला.

"बघ. ठीक."

"आणि पाव्हण्याला कोण धरणार?"

कय्युमनं दुसरा हात सोडला. बोटं उघडली.