विलायती नदी

चित्रातल्या चौथ्या बाईच्या पोटरीवर उज्ज्वला उजेडाचा शेवटचा ठिपका ठेवत होती, तेव्हा तिचा नवरा विजयसिंह मागं येऊन उभा राहिला.

चित्र नकलेचं होतं. तिला तैलरंग शिकवायला राधाकिशन गुरुजी लिंबागणेशहून यायचे. छापील चित्र त्यांनीच दिलेलं. कुठल्यातरी विलायती देशातली नदी, घोटाभर पाण्यात कपडे धुणाऱ्या चार बाया, झगे वर खोचलेले. काठावर काठी टेकून एक माणूस. गुरुजींचा हुकूम एकच : जसंच्या तसं उतरव, मनाचं काही घालायचं नाही.

ती उतरवत होती. दुपारी घर निजलं की जवसाच्या तेलाचा वास सुटायचा आणि ती त्या पाण्यात उतरायची. माहेरी मांजरा नदी होती. तिच्या तळाचे गोटे पायाला लागायचे, तसे आता ब्रशच्या टोकाला लागायचे. सासरीही नदी होती, हाकेवर. पण मोठ्या घराण्यातल्या बाईनं नदीवर जायचं नसतं. मोठेपण म्हणजे काय, तर बायकांचे पाय कोरडे.

रविवारी चित्र बाहेरच्या बैठकीत लागणार होतं. त्या घरातली तेवढी एक भिंत तिची होणार होती.

"तेवढ्या पोटऱ्या झाकून टाक," विजयसिंह म्हणाला. "बैठकीत कार्यकर्ते बसतेत."

"विलायती बाया हायत त्या."

"बाया विलायती आसू दे. भिंत आपली हाय."

नाहीतर माळ्यावर टाकू, असंही जाता जाता म्हणाला. रागावला नव्हता. ह्या लोकांना रागवावं लागत नाही.

उज्ज्वलानं झगे खाली ओढायला घेतले. रंग ओला होता. झगा पोटरीवर चढेना, दोन्हींचा मिळून चिखल झाला. आणि पाण्यात उतरलेली कोणती बाई कपडा खाली सोडते? भिजला की तो पायांना गुंडाळतो, ओढून नेतो. तिनं फडक्यानं चिखल पुसला.

मग तिनं पाणीच वर आणलं.

निळा, हिरवा, जराशी माती. पाणी गुडघ्यावर चढलं, मांडीला लागलं, कंबरेला. पोटऱ्या झाकल्या. नवऱ्याचा हुकूम पाळून झाला होता, तिथं थांबायला हरकत नव्हती. हात थांबेना. धुण्याचे दगड गेले, कपडे धारेला लागले. पाणी गळ्याशी आलं तेव्हा तिनं चौघींचे हात पुसले आणि पुन्हा काढले, पाण्यावर लांब पसरलेले. काठ कधी गेला ते तिलाही कळलं नाही.

घरकामाला येणारी छबुबाई चहा घेऊन आली, ती कपबशी धरून तशीच उभी राहिली.

"वैनी, बुडायल्यात का ह्या?"

"न्हाई. पवायल्यात."

छबुबाईनं आणखी वाकून बघितलं. काठावरचा माणूस अजून काठी टेकून उभा होता. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं.

"आन् ह्यो?"

"त्याला पवता येत न्हाई," उज्ज्वला म्हणाली, आणि ब्रश पुन्हा निळ्यात बुडवला.