फूलसिंगचा आवाज

रत्नाकर वझलवारचा चेहरा अर्धाच काळा झाला होता, तेवढ्यात रंगपटाच्या दारात फूलसिंग मरावीची मुलगी येऊन उभी राहिली.

रत्नाकरचा हात जागीच थांबला. एका गालावर जाळलेल्या बुचाची काजळी. दुसरा गाल वझलवारांचा, घराण्याला शोभेसा गोरा. आरशाखाली टेबलावर पिसांचा मुकुट, बांबूचं धनुष्य आणि कोरा चहा भरलेली दारूची बाटली. राइट टाउनातल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात ‘आमचा फूलसिंग’ ही नक्कल सत्तावीस वर्षं चालली होती. रत्नाकरनं नाकातून ‘हओ साऽऽब’ म्हटलं की हॉलचे पंखे हसून हसून उलटे फिरायचे. थाप नाही. दोन पंखे अजून तसेच फिरतात, चिटणिसांना विचारा.

खरा फूलसिंग मंडला जिल्ह्यातला गोंड. कारखान्यात रत्नाकरच्या शेजारच्या लेथवर काम करायचा. पंधरा दिवसांपूर्वी गेला. रत्नाकरनं ग्वारीघाटाच्या स्मशानापर्यंत खांदा दिला होता. रडलाही होता, खोटं कशाला बोला.

“नर्मदा,” तो म्हणाला, “बेटा, हे मी आपल्या मनानं नाही करून राहिलो. मंडळवाले म्हणाले, श्रद्धांजली म्हणून करा. आणि तुझे पापा स्वतः पहिल्या रांगेत बसून हसत होते. कोणालाही विचार.”

“माहीत आहे काका. मी त्यांच्या मांडीवर बसले होते.”

कारखान्याच्या कॉलनीत मराठी पोरींबरोबर वाढलेली ती. तिचं मराठी रत्नाकरच्या नातवापेक्षा बरं होतं.

“मग आता काहून आलीस?”

“भांडायला नाही आले. एक काम होतं.” ती आत आली. “माझी दादी गावाला असते. तिला डोळ्यांनी दिसत नाही. पापा गेले हे आम्ही तिला सांगितलंच नाही. तिला ते झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पापा दर रविवारी तिला फोन करत होते. दोन रविवार गेले. परवापासून तिनं अन्न सोडलंय. म्हणते, आधी फूल बोलेल, मग जेवीन.”

“अरे देवा.”

“तुम्ही बोला ना काका. सगळे म्हणतात, डोळे मिटून ऐकलं तर फूलसिंगच. दोन वाक्यं फक्त. अम्मा, मैं ठीक हूँ. खाना खा ले.”

रत्नाकरचा श्वास मोकळा झाला. न रंगलेल्या गालावर थोडा अभिमानही चढला.

“एवढंच? लाव फोन.”

टेबलावर जागा नव्हती. नर्मदेनं ती बाटली उचलली, पाहिली आणि खाली जमिनीवर ठेवली. त्या जागी फोन ठेवला. पलीकडून तिची काकू दबक्या आवाजात बोलली, “थाली परोस दी है. लो अम्मा, फूल भैया का फोन.”

पडद्यापलीकडे सूत्रसंचालन करणारी अवंतिका माइकवर सांगत होती, “आपल्या सगळ्यांच्या लाडक्या फूलसिंगला श्रद्धांजली म्हणून, येताहेत रत्नाकरकाका!”

रत्नाकरनं डोळे मिटले. आज विनोद नको, त्यानं ठरवलं, नुसता आवाज. पण आवाज त्याच्या नेहमीच्या वाटेनं आला. नाकातून निघाला, शेवटच्या अक्षरावर झोके घेत राहिला आणि जाता जाता एक उचकी देऊन गेला.

“हओ अम्माऽऽ, हम फूऽल. हम ठीक हैं. खाना खा लेऽऽ, हिक्.”

पहिल्या रांगेला तेवढं पुरलं. पडद्यापलीकडे हशा पिकला आणि थेट मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

फोनमधून म्हातारीचा आवाज आला. थकलेला, पण रागावलेला नाही.

“आज फिर रतनाकर बाबू बनके बोल रहा है?”

रत्नाकरनं डोळे उघडले.

“बाबू तेरी ऐसी नकल करते हैं, तूने ही बताया था. घर में वो नकल मत किया कर बेटा. बच्चे हँसते हैं, मुझे हँसी नहीं आती.” म्हातारी दम खायला थांबली. “अपनी आवाज़ में बोल. तब खाऊँगी.”

नर्मदेनं फोन उचलून त्याच्या तोंडाशी धरला.

रत्नाकरनं घसा खाकरला. सत्तावीस वर्षं शेजारच्या लेथवरून ऐकलेला माणूस. पाना मागताना कसा मागायचा? बायको दवाखान्यात होती तेव्हा सुट्टीचं कसं बोलला होता? रत्नाकर एकेक वाक्य आठवायला गेला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हॉल हसला.

“काका, चला नं,” अवंतिकानं पडद्यातून डोकं घातलं. “लोक केव्हाचे बोलवून राहिले.”

बाहेर टाळ्यांचा ठेका सुरू झाला होता. हओ साब! हओ साब! लहान पोरांचे आवाज सगळ्यांत वर होते.

रत्नाकरनं फोनवर तळवा धरला. तळव्याची काजळी काचेला लागली.

“पोरी,” तो कुजबुजला, “कसा बोलायचा गं तो?”

“फूल?” तळव्याखालून म्हातारी म्हणाली. “बोल न.”

मग फोनमधून जमिनीवरचं ताट दूर सरकवल्याचा आवाज आला.