नडगी

१९०६ साली ओहायोत उन्हाळाभर क्लेम बेसबॉलचा चेंडू फेकायचा आणि ऑगी तो झेलायचा. संघ एक, खोलीही एक. पानगळ लागली की पोटासाठी दोघं चेंडू काखेत घेऊन धावायचा, अंगावर झेपावून पाडायचा अमेरिकी फुटबॉल खेळायचे, पण एकमेकांच्या वैरी गावांकडून.

"त्या क्लेमचा खांदा मोड," ऑगीचा कप्तान गुरगुरला. "नाहीतर मी मोडतो."

खांदा गेला तर क्लेमचा बेसबॉल कायमचा संपणार होता. पाय निदान उन्हाळ्यापर्यंत सांधला असता. चेंडू घेऊन क्लेम समोरून आला, तसं ऑगीने सगळं अंग त्याच्या नडगीवर झोकून दिलं. हाड काडकन मोडलं.

"माफ कर रे," ऑगी चिखलातच रडायला लागला. "मला खांदा सांगितला होता."

क्लेम रक्ताळलेल्या दातांनी हसला.


"आणि मला तुझी बोटं, गाढवा. मीही तुझ्या पायावरच येत होतो."